शंभूकाकांची बारीक बाजू

शंभूकाकांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि पुतणीकडे असं पाहिलं, जणू तिनं त्यांची चार फूट जमीन ढापली होती.

"रेश्मे, माजी बाजू बारीक का गं?"

कासार आंबोलीतलं हे घर दोन भावांनी मधोमध भिंत घालून वाटून घेतलेलं. अलीकडे रेश्माचे वडील हनुमंत, पलीकडे धाकटे शंभूकाका. वाटणीच्या दिवशी टेपाचं एकेक टोक एकेकानं धरलं होतं, इंचाचा फरक नव्हता.

रेश्माला आर्किटेक्ट व्हायचं होतं. भुकूमच्या चित्रकलेच्या क्लासात सोमवारी सकाळी तिला आपल्या घराचं यथार्थदर्शन, म्हणजे डोळ्याला दिसतं तसं चित्र, दाखवायचं होतं. चुकलं तर पुन्हा पहिल्या बॅचमध्ये चौकोनी डबे काढत बसायचं. आणि आज रविवार उजाडलाही होता.

"काका, लांबचं बारीक दिसतं. मी आमच्या कोपऱ्यावर बसले हुते."

"पोरगी शिकलेली हाय, शंभू," हनुमंत मिशीत हसले. "उगंच न्हाई बारीक काढली."

झालं! काकांनी टेप आणला. दोन्ही बाजू अठरा-अठरा फूट भरल्या. बिचारी रेश्मा काकांच्या कोपऱ्यावर बसली आणि तिनं दुसऱ्या कागदावर चित्र काढलं. आता हनुमंतांची बाजू आटली.

"बापाला बारीक करतीस?" म्हणून त्यांनी चहाचा कप परत पाठवला.

रडकुंडीला आलेल्या रेश्मानं दोघांना समोर बसवून नियम सांगितला: लांबचं लहान, जवळचं मोठं. नको ती अक्कल तिनं तिथंच शिकवली.

"आस्सं व्हय!" काका खुलले. "मग ऱ्हाऊ दे बाजू बारीक. माजा ट्रॅक्टर जवळ काढ."

"मग माजी म्हैस ट्रॅक्टरच्या फुडं," हनुमंत म्हणाले.

म्हैस आली, ट्रॅक्टरचं चाक तिच्या पोटामागे गेलं. तेव्हा काका स्वतःच म्हशीपुढे उभे राहिले. थोरला भाऊ मागे राहतो होय? तेही येऊन खेटले. नवं काही आलं की ते मावायला घर खोडून मागे सरकवायचं. संध्याकाळी खोडरबर संपला तेव्हा कागदभर दोन मिशा होत्या आणि दोन कानांच्या फटीत काडेपेटीएवढं घर.

सोमवारी जान्हवी मॅडमनी त्या काडेपेटीवर पट्टी लावली. रेश्माचा जीव टांगणीला लागला. पण घराच्या सगळ्या रेषा जिथं मिळायला हव्यात तिथंच मिळत होत्या.

"अचूक आहे. पण घर एवढंसं का?"

"दोघांच्या मधी अडकलंय, मॅडम."

मॅडमना हसू आवरेना. "पास! डबे बंद. पुढच्या सोमवारी तुमच्या ग्रामपंचायतीचं चित्र काढून आण."

रेश्माच्या डोळ्यांपुढे सरपंचांसकट नऊच्या नऊ सदस्य उभे राहिले, सगळे पहिल्या रांगेत.

"मॅडम," तिनं हळूच विचारलं, "कागद जास्तीत जास्त केवढा मिळतो?"