कोर्सवर्कचा अंगठा

फुस्स.

मोरीतल्या नळाने नुसती हवा सोडली आणि रेणापूरच्या त्या घरातली पहाटेची शांतता मोडली. चंद्रप्रभाची चार वर्षांची चिऊ उठून बसली. ज्ञानाचा उगम कुतूहलात होतो, असं थोरांनी सांगून ठेवलंय. तो हजेरीत होतो, हे विद्यापीठांनी शोधून काढलं.

पूर्वी पीएचडी म्हणजे मोकाट कारभार. माणूस विषय घेऊन गावोगाव हिंडायचा आणि म्हातारा होऊन परतायचा. (काही परतलेच नाहीत.) म्हणून कोर्सवर्क आलं. त्यात संशोधनाची पद्धत शिकवतात, संगणक शिकवतात (वीज असल्यास), आणि मुख्य म्हणजे वेळेवर येऊन बसायला शिकवतात. पंचाहत्तर टक्के हजेरी नसली की नोंदणी रद्द. चंद्रप्रभाला सासूबाईंनी एकच मौका दिला होता. नोंदणी गेली की शिक्षण संपलं.

तिचा विषय 'लातूर जिल्ह्यातील टंचाईग्रस्त गृहिणींचे वेळेचे नियोजन'. नवा जिल्हा होणार अशी हूल उठली की मार्गदर्शक श्रीपाद सर 'लातूर' खोडायला लावत. हूल बसली की पुन्हा लिहायला. गृहिणींना दोन्ही जिल्ह्यांत वेळ नव्हता, एवढाच निष्कर्ष काय तो जागचा हलला नाही.

लातूरच्या संशोधन केंद्रात हजेरी अंगठ्याची. दुष्काळात भांडी पाण्याने कोण घासणार? चंद्रप्रभा राखेने घासून फडक्याने पुसायची. होता होता अंगठ्यावरच्या रेषाच झिजल्या आणि मशीन तिला ओळखेना. ती पहिल्या बाकावर बसून गैरहजर राहू लागली.

"मी इथं उभी आहे ना, भाऊ," ती लिपिक शेषेरावांना म्हणाली.

"दिसून राहिल्या की, ताई. पण मला दिसून काय फायदा? मशीनला दिसलं पाहिजे."

शेषेराव दयाळू होते. दुसऱ्या कुणाचा अंगठा तिच्या नावावर चढवायला त्यांची ना नव्हती. फक्त तो रोज आला पाहिजे. सासूबाई टँकरच्या रांगेत असायच्या, चिऊला घरी सांभाळायला कुणी नव्हतंच, म्हणून तिचाच अंगठा आईच्या नावावर चढला. अशा रीतीने नियमाचाही मान राहिला आणि पोरीचीही सोय झाली.

प्रश्न विचारणं हे संशोधनाचं मर्म, असं सर रोज शिकवत आणि सगळे उमेदवार ते निमूटपणे उतरवून घेत. चिऊला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती विचारायची.

"सर, हे तुमाला कुणी सांगितलं? तुमी बघितलंत का?"

सर पहिल्या आठवड्यात हसले, दुसऱ्यात चिडले, तिसऱ्यात तयारी करून येऊ लागले. (केंद्राच्या इतिहासात अशी घटना आधी घडल्याचं आढळत नाही.)

हजेरी ब्याण्णव टक्के भरली, नोंदणी वाचली. सासूबाईंनी शेजारणींना पेढ्याऐवजी तांब्या तांब्या पाणी वाटलं. त्या दिवसांत इतका मान कुणाचाच झाला नव्हता. चंद्रप्रभाने चिऊला मांडीवर घेतलं, खरबरीत हाताने तिचे केस मागे सारले आणि प्रमाणपत्र वाचून दाखवलं: 'सदर उमेदवाराने स्वतः उपस्थित राहून प्रश्न विचारण्याची पद्धत आत्मसात केली आहे.' सगळ्यांनी माना डोलवल्या. इथवर आलेल्या वाचकांनीही कशाला हरकत घेतलेली नाही, सबब त्यांचीही हजेरी पूर्ण धरावी.

चिऊ मात्र एकेका मानेकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "विचारायचं कितव्या वर्षी बंद करायचं असतं?"