जांभळीखालचं निर्वेध बीळ

एका जंगलात, पोरांनो, बिळं थोडी आणि घेणारे फार, असे दिवस आले होते. एकाच बिळावरनं भांडून दोन उंदीर शेपट्या गमावून बसले. तेव्हापासून शहाणी जनावरं साळिंदर वकिलांना विचारल्याशिवाय बिळात पाय टाकत नसत.

साळिंदर वकील म्हणजे मुरलेलं लोणचं. जागेच्या कामात हयात गेलेली. लेखण्या अंगावरच उगवायच्या, दौत तेवढी विकत आणायची.

त्यांच्याकडे चंद्री उंदरीण आली. तिचं बीळ नांगराखाली गेलेलं, आणि पोट हे एवढं. बाळंतपणाआधी निवारा हवा होता. जांभळीखालचं बीळ तिच्या मनात भरलेलं. कोरडं, उबदार, पुढं-मागं दार.

"एवढं चांगलं बीळ रिकामं कसं, तेवढं बघा," ती म्हणाली.

वकिलांनी पार मूळ मालकापासून बघितलं. बीळ खोदलं घुशीनं. ती एके दिवशी दिसेनाशी झाली. मग बेडूक नवरा-बायको राहिली, तीही दिसेनाशी झाली. मग चिचुंद्री, लेकरांसकट. मागं वारस कुणाचाच उरला नव्हता.

वकिलांचे काटे आनंदानं फुलले. इतकी स्वच्छ जागा जन्मात पाहिली नाही म्हणाले. वारसच नाहीत, तर भांडायला येणार कोण?

तरी रीत ती रीत. टिटवीकडून रानभर नोटीस ओरडवली, की चंद्री उंदरीण, पोटात सहा पिल्लं, जांभळीखाली राहायला येणार आहे, कुणाची हरकत असेल तर पौर्णिमेच्या आत कळवावी.

हरकत घ्यायला कुणी आलं नाही. आले ते एकटे नागोबा, जांभळीच्या ढोलीत राहणारे. वकिलांना लवून नमस्कार केला. आपली काडीचीही हरकत नाही म्हणाले. पिल्लं नक्की सहाच ना, एवढं विचारून गेले.

हे ऐकून चंद्रीच्या मिशा थरथरल्या. "वकीलसाहेब, अहो, तो साप आहे."

"असेल. पण कागदात कुठं आहे? त्याचा बिळावर हक्क नाही, बोजा नाही. शेजार बघणं माझ्या कामात येत नाही, चंद्राबाई."

"आणि त्यानं खाल्लं तर?"

"तरी बीळ तुमचंच. कुणाचा बाप काढून घेऊ शकणार नाही."

चंद्रीला धीर आला. एवढा मोठा वकील खोटं कशाला बोलेल? आणि बाळांनो, तो खोटं बोललाच नव्हता.

ती राहायला गेली. दुसऱ्या दिवशी बीळ रिकामं.

वकील जातीनं पाहून आले. दारावर चंद्रीचं नाव जसंच्या तसं होतं, कुणी नख लावलं नव्हतं. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि घर शोधत हिंडणाऱ्या खारीला निरोप धाडला. जागा मोकळी झालीय, आणि कागद आता पहिल्यापेक्षाही स्वच्छ.

तात्पर्य: ज्या जागेला कुणाचीच हरकत नाही, ती डोळे मिटून घ्यावी. घेतलेल्यांपैकी एकाचीही आजवर तक्रार आलेली नाही.