दारातली हरळी

माणिकरावांनी जुन्या जागीच बांधलेल्या नव्या घरापुढं चाळीस बाय तीस फुटांची मोकळी जागा होती आणि तिथं हिरवळ करायची असं नर्मदाबाईंनी ठरवलं. तीस वर्षं त्या अंगणात शिजवलेली हळद वाळली, कडबा रचला गेला, शेळ्या बसल्या. आता हळदीला रानात शेड झालं होतं. अंगण माझं, असं नर्मदाबाईंनी नवऱ्याला सांगितलं आणि बचत गटाच्या बारा बायांनाही सांगून टाकलं की श्रावणातल्या दुसऱ्या रविवारची बैठक आमच्या दारात, गवतावर.

हिंगोलीहून बागकाम करणारा हिरासिंग जागा बघायला आला.

"काका, पहले पाईप, बाद में माती, आखिर में घास. घास लावल्यावर खोदलं तर सगळं वाया जातं."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि माणिकरावांना राग आला तो त्याचाच.

"मला पाईप शिकवून राहिला काय? बारा एकर हळदीला ठिबक मी सोता अंथरलं. या गावात पयली नळी माझ्या रानात पडली."

"मग तुमीच करा की."

"मीच करनार."

माणिकरावांनी हळदीच्या सवयीनं साडेचार फुटांवर नळ्या टाकल्या. नळ्या किती अंतरावर टाकल्या ते हिरासिंगनं फोनवर विचारलं आणि ऐकून तो हसला. एवढ्या अंतरानं गवत पट्ट्यापट्ट्यानं उगवेल, फुटाफुटावर नळी पाहिजे, असं म्हणाला. माणिकरावांनी सगळं उपसलं आणि फुटाफुटावर टाकलं. मग त्यांनी कॉक उघडला आणि उकिडवे बसून एकेक छिद्र तपासायला घेतलं. आठ दिवस अंगणात चिखल होता. शेजारच्या रामप्रसादची चप्पल त्यात रुतली ती दुसऱ्या दिवशी सापडली.

"अवो, माती कवा टाकायची?" नर्मदाबाई म्हणाल्या.

"परतेक छिद्र ठिबकलं पायजे. मातीखाली गेल्यावर कुनाला इचारू?"

"अन् बाया आल्यावर त्यायला चिखलात बसवू काय?"

शेवटी माती पडली. हिरासिंग चार गोण्या घेऊन आला. माणिकरावांनी एका गोणीत हात घातला, एक कांडी काढली, उलटीसुलटी केली.

"हे काय हाय?"

"घास."

"ही हरळी हाय."

"लॉन बोलते हैं, काका."

माणिकराव ओट्यावर बसले. जन्मभर त्यांनी हरळीशी वैर केलं होतं. एक कांडी मातीत राहिली तरी महिन्यात वाफा धरते अशी ती जात. माझ्या बारा एकरांत हरळीची काडी दाखवा, असं ते पारावर बसून म्हणत, आणि गावात कुणी ते खोटं पाडलं नव्हतं. आता तीच हरळी गोणीत भरून, दुसऱ्या गावाहून, गाडीत बसून त्यांच्या दारात आली होती. वर तिच्यासाठी ठिबक त्यांनीच करून ठेवलं होतं.

"हळदीला पानी पुरंना, अन् मी हरळीला पाजू?" ते म्हणाले.

"पाजा," नर्मदाबाई म्हणाल्या.

दोन महिन्यांत अंगण हिरवंगार झालं. माणिकराव तिकडं पाठ करून चहा प्यायचे. पाणी मात्र घड्याळ लावून द्यायचे. गवत कुणाचंही असलं तरी नळ्या त्यांच्या होत्या.

बैठकीच्या आधीच्या गुरुवारी ते जवळा बाजार या गावी गेले आणि नर्मदाबाई दळण घेऊन गिरणीवर. तेवढ्यात भिकाबाई चार बायांना घेऊन यंदाच्या पहिल्या खुरपणीला हळदीत निघाली होती. माणिकरावांकडं दरवर्षी तिचीच टोळी असायची, आणि कामावर जाताना त्यांच्या ओट्यावर चहा ठरलेला. त्या दारात आल्या आणि उभ्याच राहिल्या.

नर्मदाबाई दुपारी पीठ घेऊन परतल्या तेव्हा अंगण तळहातासारखं साफ होतं. भिंतीपाशी ढीग, आणि ढिगात शेळ्या तोंड घालून.

"चहा टाका, बाई," भिकाबाई खुरपं पुसत म्हणाली. "पार मुळासगट काढली."

"काय काढली?"

"हरळी. भाऊनं नळ्या आदी अंथरल्या, तुमचं गवत लावायचं राहिलं, तवर हिनं सारं अंगन धरलं. तुमी रविवारी बलावलं, म्हनलं वाफा तरी तयार करून द्यावा. माणिकरावाच्या दारात हरळी, लोक काय म्हनतील?"

"भिकाबाई, तेच गवत व्हतं."

भिकाबाईनं आधी ढिगाकडं बघितलं, मग नर्मदाबाईंकडं.

"हे कोन लावून घेईल?"

"मी."

"मंग आधी सांगावं न्हाई का? मजुरी न घेता पाच बायायनी कंबर मोडून घेतली. आता वरतून आमचीच चूक." त्या पाचही जणी चहा न घेता निघून गेल्या.

माणिकराव आले. गवत गेलेलं पाहून त्यांना आत कुठं तरी बरं वाटलं, पण तेवढ्यात मातीवर आलेल्या नळ्या दिसल्या. खुरप्यानं एक्केचाळीस ठिकाणी कापल्या होत्या. त्यांनी दोनदा मोजल्या.

"माझ्या नळ्या," ते म्हणाले.

"नळ्या मरू द्या. रविवारी गवत न्हाई दिसलं तर त्या बारा बाया मी तुमच्या डोक्यावर बसवीन."

ढीग तोवर शेळ्यांनी फस्त केला होता, आणि हिरासिंग फोनवर म्हणाला, नई घास अगले महिने. मग माणिकराव हरळी मागायला गावात निघाले.

"माझ्या रानात?" रामप्रसाद म्हणाला. "काय बगून इचारलं तुमी? मी आळशी वाटलो काय?"

संपतरावांच्या बांधावर घोट्याएवढी हरळी रस्त्यावरून दिसत होती. ते म्हणाले, "आमच्याकडं असलं काई उगवतच न्हाई," आणि पाणीसुद्धा विचारलं नाही. सात घरी हेच झालं. साऱ्या गावाला एका सकाळी राग आणून माणिकराव घरी परतले.

"विहिरीमागं बगा," नर्मदाबाई भाकरी थापत म्हणाल्या.

"काय हाय तिथं?"

"फिल्टर धुतल्याचं पानी जातं ना तिथं. चार वर्सं झाली. तुमी तिकडं फिरकत न्हाई. मी शेळ्यायला कापून आनते."

माणिकराव गेले. विहिरीमागं, त्यांच्या स्वतःच्या ठिबकच्या पाण्यावर, गादीसारखी हरळी माजली होती. हिरासिंगच्या गोणीतल्या हरळीपेक्षा सरस होती. आजूबाजूला कुणी नाही ना ते त्यांनी बघितलं. मग त्यांनी फावड्यानं तिचे मातीसकट चौकोन कापले, बैलगाडीत भरले आणि वरून ताडपत्री बांधली. वाटेत कुणीतरी काय नेता म्हणून विचारलं. ते म्हणाले, "शेणखत." नळ्यांचे एक्केचाळीस जोड त्यांनी एकट्यानं लावले, वर चौकोन बसवले, आणि शनिवारी दिवस मावळायच्या आत अंगण पुन्हा हिरवं झालं.

रविवारी बाराही बाया आल्या. त्यांत रुसलेली भिकाबाईही होती, आणि ती मधोमध बसली. माणिकराव ओट्यावर होते, आज गवताकडं तोंड करून. एवढ्या मेहनतीनंतर कुणी तरी काही तरी म्हणेल असं त्यांना वाटत होतं.

भिकाबाईनं गवतावरून हात फिरवला. "लई दाट हाय, बाई. हे कुठून आनलं?"

"विकतचं न्हाई," नर्मदाबाई कौतुकानं म्हणाल्या. "घरचंच हाय. आमच्या विहिरीमागं पायजे तेवढी हरळी हाय. चार वर्सांपासून."

बारा माना ओट्याकडं वळल्या.

 माणिकराव उठले, कोपऱ्यात गेले आणि कॉक पुरता उघडून परत जागेवर बसले. पण ठिबकचं पाणी सावकाश चढतं. पहिली बाई ओलं लुगडं झटकत उठेपर्यंत वीस मिनिटं गेली, आणि तेवढ्यात पाचजणींनी विहिरीमागची हरळी आपापल्या दारात लावायला न्यायला कधी यायचं ते ठरवूनही टाकलं होतं.