जॉयसीच्या मेलचं दुहेरी कुलूप

आरोंद्याच्या खाडीकाठच्या कार्मेलिनाबायचा मुलगा मेल्रॉय बंगळूरला शिकून परतला तो एक निश्चय घेऊनच: आपल्या घरातला कॉम्प्युटर आता कोणाच्या बापाला फोडता येणार नाही. (तसा विचार कोणाच्याही बापाने अजून केला नव्हता.)

पहिल्याच शनिवारी त्याने बहिणीच्या, जॉयसीच्या, ईमेलला एकोणीस अक्षरांचा पासवर्ड दिला. वर दुहेरी कुलूप: त्याच्या फोनवर कोड येणार, तो दोन मिनिटांत घातला तरच मेल उघडणार. फोन साधा, बटणांचा. स्मार्टफोन म्हणजे खिशातला हेर, असं त्याचं मत. जॉयसीचा फोन दुरुस्तीला सावंतवाडीत.

मंगळवारी मस्कतच्या हॉस्पिटलातून पोस्टातल्या फोनवर निरोप आला: नर्सच्या नोकरीचं पत्र मेलवर पाठवलंय, पाचच्या आत होकार कळवा.

आणि वाडीत मोबाईलची रेंज फक्त टेकडीवरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी.

मेल्रॉय वर चढला, शिट्टी मारली, खाली जॉयसीने बटण दाबलं. कोड वाचून तो धावत उतरला. मुदत संपलेली. दुसऱ्यांदा पायरीवर घसरला. पावणेपाच झाले.

"आता चुकला तर खाता उद्यापर्यंत बंद!" जॉयसी रडकुंडीला आली. "नोकरी गेली तर तुझ्या सुरक्षेक काय जाळू?"

"थंयसूनच, टेकडीवरसून, ओरड मरे," कार्मेलिनाबाय म्हणाली. "मासळीवाली आनंदीबाय टेकडीच्या पायरीयेर आसा, ती विहिरीवरल्या दत्तारामाक सांगात."

"मम्मी, कोड कोणाला सांगायचा नसतो. आईलासुद्धा!"

"मगे माका नको, आनंदीबायक सांग."

तो पुन्हा चढला. मेसेजात लिहिलं होतं, हा कोड कोणालाही सांगू नका. मेल्रॉयने डोळे मिटले आणि बोंब ठोकली. खाडीपलीकडे मासळीचा भाव पोचवणाऱ्या आनंदीबायच्या गळ्याने आकडे दत्तारामाकडे, दत्तारामाने जॉयसीच्या खिडकीत पोचवले. पाचाला दोन मिनिटं कमी असताना होकार गेला. जॉयसी टेबलावर डोकं ठेवून रडली.

दुसऱ्या दिवशी व्हिसाचे कागद यायचे होते. आनंदीबाय दारातच उभी.

"आजचो कोड येतलो मां?"

"येईल. पण मावशी, काल सगळ्या वाडीने ऐकला."

"म्हणानच बंदोबस्त केलंय. दत्तारामाचा तोंड सैल, तेका काढलंय. आकडे उलटे सांगतलंय, ता फक्त जॉयसीक म्हायत."

"आणि मला?" मेल्रॉयने विचारलं.

"तुका कित्याक? काल फुटला ता तुझ्याच तोंडातसून. आज वर मी जातलंय. फोन दे हय."