लिमिट मे महिन्यात झाली

१९८१ च्या जूनमध्ये रत्नागिरीतल्या एका ज्युनियर कॉलेजात बारावी सायन्सचा गणिताचा पहिला तास रीतसर सुरू झाला. खेडेकर मॅडमनी फळ्यावर डेरिव्हेटिव्हची व्याख्या लिहिली. तिच्या सुरुवातीलाच लिमिट होती.

"लिमिट तुमची अकरावीत झालेली आहे," मॅडम म्हणाल्या. "कुणाची राहिलीय? हात वर करा."

कुणीही हात वर केला नाही. लीला पटवर्धनचा निम्मा वर गेला होता. तिनं वेणी सारखी करून तो खाली आणला.

लीलाला इंजिनियर व्हायचं होतं. तिचे वडील राजाभाऊ आंबा बागायतदार. त्यांनी बजावलं होतं, "पहिल्या चाचणीत गणित राहिलं की सरळ आर्ट्स. मग रडायचं नाही गो." म्हणून ती स्टाफरूममध्ये अकरावीच्या आगाशे सरांकडे गेली.

"सर, आमची लिमिट राहिलीय."

"राहिली कशी? बारावीत सविस्तर आहे म्हणून मी सोडली. अकरावी म्हणजे नुसती पूर्वतयारी."

"पण मॅडम म्हणतात, ती अकरावीत झाली."

"मग झाली असेल. त्या खोटं कशाला बोलतील?"

प्रकरण पर्यवेक्षक मोरे सरांकडे गेलं. त्यांनी दोन्ही शिक्षकांची आधी स्वतंत्र आणि मग एकत्र चौकशी केली. आगाशे सरांच्या मते लिमिट पुढे होती, खेडेकर मॅडमच्या मते मागे. दोघंही नोकरीत कायम असल्यामुळे दोघंही बरोबर होते. ज्याअर्थी लिमिट एप्रिलपर्यंत झालेली नव्हती आणि जूनमध्ये झालेली होती, त्याअर्थी ती मे महिन्यात शिकवली गेली, असा निष्कर्ष निघाला.

"पण सर, मे महिन्यात सुटी होती," लीला म्हणाली. "मी बागेत पेट्या भरत होते."

"म्हणजे तू गैरहजर होतीस." मोरे सर गंभीर झाले. "पालकांचा अर्ज आण."

राजाभाऊंनी अर्ज लिहिला : 'माझी मुलगी सुटीच्या काळात सुटीवर असल्याने वर्गास उपस्थित राहू शकली नाही. क्षमा असावी.' सही करताना ते थांबले. "हे डोकं कुणाचं गो?"

"कॉलेजचं."

"मग ठीक आहे."

सगळ्या वर्गानं असे अर्ज आणले आणि ते मंजूर झाले. फक्त सावर्ड्याच्या गंगारामचे वडील मुंबईत कामाला, त्यामुळे सही मिळेना. अर्ज नाही, म्हणजे तो हजर होता. हजर होता, म्हणजे लिमिट त्याला येत होती. त्यानं ती बाकीच्यांना समजावून द्यावी, असा आदेश निघाला.

गंगाराम खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहिला. त्यानं फळा दोनदा पुसला. मग म्हणाला, "कुणाची राहिलीय?"

या वेळी लीलानं हात पूर्ण वर केला.

"तुझी गैरहजेरी माफ झाली ना? मग झाली तुझी," गंगाराम म्हणाला आणि जवळ येऊन कुजबुजला, "हात घे ना खाली! उगाच माझी लाज कशाला काढतेस?"

लीलानं हात खाली घेतला.

चाचणीत पहिलाच प्रश्न होता : लिमिट काढा. लीलानं लिहिलं : 'मे महिन्यात काढलेली आहे.' तपासताना खेडेकर मॅडमचं लाल पेन अडखळलं. उत्तर चूक म्हणावं, तर चौकशीचा निष्कर्ष चूक ठरत होता. त्यांनी पूर्ण गुण दिले. राजाभाऊंनी पेढे वाटले.

लीला इंजिनियर झाली. सध्या ती एका खाडीवरच्या नव्या पुलाच्या कामावर आहे. मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग, पलीकडच्यानं करायचा आहे, असं अलीकडचा कंत्राटदार सांगतो. तो अलीकडच्यानं केलेला आहे, असं पलीकडचा सांगतो. गाळा मे महिन्यात पूर्ण झाला, असा अहवाल लीलानं नुकताच दिला आहे. पूल आजपासून वाहतुकीला खुला आहे.

आता वाचकहो, लिमिट म्हणजे काय, हे इथं सांगत बसत नाही. तुमची ती झालेलीच आहे. कुणाची राहिली असेल तर हात वर करा.

कुणीच नाही?

मग चला, बसा गाडीत.