इनासमामाचे सात दिवस

इनासमामा, म्हणजे आमच्या अख्ख्या वाडीचा मामा, माणसाच्या तोंडाकडे बघतच नाही. आधी घोटे, मग गुडघे, मग खांदे, आणि वेळ उरलाच तर नाव. रस्त्यावरून भिकाजी रिक्षावाला निघाला की मामा व्हरांड्यातून ओरडणार, “रे डाव्या घोट्या, खंय चल्लंस?” माझ्या लग्नात सगळे माझी साडी बघत होते, आणि हा माझ्या नवऱ्याला सांगत होता, “बायल बरी गावली रे तुका. मनगटां घट आसत.” लग्नाला अकरा वर्षं झाली, इतकी मनापासून स्तुती मला पुन्हा कोणी केलेली नाही.

मामाचा जन्म गेला बोटींची मशिनं दुरुस्त करण्यात. सांधे बसवायची विद्या आईकडून आलेली. मुरगळलं, लचकलं, आखडलं की आमची सगळी वाडी त्याच्या दारात. हाड मोडल्याचा नुसता संशय आला तरी “आदी फोटो काढून ये” म्हणून दवाखान्यात पिटाळणार. ओढाताण नाही, कडकड मोडणं तर नाहीच. “आवाज इलो काय समजाचा, सांधो रडलो,” हे त्याचं एक वाक्य. दुसरं, “माणूस खोटा बोलता, सांधो बोलणा नाय.” आणि तिसरं, “फाल्यां ये.” म्हणजे उद्या ये. असे उद्या सात. फिलूमामी चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात तो एकटाच.

यंदा नारळी पौर्णिमेला आठ दिवस उरले असताना नारळांची गोण उतरवायला गेले आणि माझं उजवं मनगट मुरगळलं. नेमकं तेव्हाच! आमच्या बंदरावर बायकांची नारळ लढवायची स्पर्धा असते. एकीने नारळ हातात धरायचा, दुसरीने आपल्या नारळाने त्यावर हाणायचं, जिचा फुटला ती बाद. सगळा खेळ मनगटाचा. गेल्या वर्षी फायनलला माझा नारळ फोडला तो माझ्या सख्ख्या नणंदेने, सुलूताईने. आणि वर्षभर, खोबरं किसायला बसले की विचारायची, “हो तुझोच नारळ काय गो?” यंदा हरले असते तर मला माहेरी जाऊन राहावं लागलं असतं.

मामाने कोमट खोबरेल लावलं, मनगटाखाली दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. धरलंय की नाही असा संशय यावा इतकं हलकं. तांदळाच्या दाण्याएवढं सरकवायचं, थांबायचं. मी मात्र हात ताठ करून बसलेली. मग म्हणाला, “फिलू बांगड्याच्या तिखल्यात टोमॅटो घाली.”

“टोमॅटो? बांगड्याक? मामा, तिरफळां घालतत! सोलां घालतत! असला कोणी शिकवल्यान तिका?” मी तावातावाने बोलत होते आणि मामा गालातल्या गालात हसत होता.

“बसला,” तो म्हणाला. कळ खरोखरच निम्मी झाली होती. भिकाजीचा घोटा सैल करायला तो त्याच्या रिक्षाला नावं ठेवतो, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी मी पाट्यावर वाटप वाटलं. काही म्हणजे काही दुखलं नाही. मामाला सांगितलं, तर “फाल्यां ये.” चौथ्या दिवशी तेच, पाचव्या दिवशी तेच. तिकडे सुलूताई अंगणात नारळावर नारळ फोडत होती, मला ऐकू येईल अशा बेताने. इकडे मी मामाच्या व्हरांड्यात, शेजारच्या खुर्चीत पाय पसरून भिकाजी. उपचार पाच मिनिटांचा, आणि पुढे दोन तास चहा, भाजलेले काजू, कुठल्या बोटीचं मशीन कुठे बंद पडलं ते, आणि फिलूमामी.

सहाव्या दिवशी मी भडकले. “मामा, माका लढवूचा आसा! तुमका कळता काय नाय?”

“सात म्हणजे सात,” मामा म्हणाला आणि चहा आणायला आत गेला.

पौर्णिमेला बंदरावर पाय ठेवायला जागा नव्हती. समुद्राला मानाचा नारळ देऊन झाला होता, ढोल घुमत होते, आणि फायनलला माझ्यासमोर कोण, तर सुलूताईच! तिने हाणलं, माझा टिकला. मी हाणलं, तिचा टिकला. माझा हात भीतीने ताठला. तेवढ्यात गर्दीतून मामा ओरडला, “मनगाट ढिला सोड गो! टोमॅटो! टोमॅटो!” मला हसू फुटलं, हात सैल पडला, आणि पुढच्या घावाला सुलूताईच्या नारळाचं पाणी थेट माझ्या तोंडावर! मी भर बंदरावर नाचले. सासरे बघत होते, तरी नाचले.

भिकाजीच्या रिक्षातून घरी येताना मी म्हटलं, “जिंकलंय खरी, पण मामान सात दिस फुकट घालवल्यान माझे.”

भिकाजीने रिक्षा हळू केली. “तुझा मनगाट तिसऱ्या दिसाक बरा झालेला. माझो घोटो दुसऱ्याक. फिलूमामी होती तेवा सगळ्यांका तीनच दिस लागत. ती गेली आणि सात लागाक लागले. वाडीत सगळ्यांका म्हायत आसा. कोण बोलणा नाय.”

त्या खुर्चीत बसून मी सारखी घड्याळाकडे बघत होते. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लंगडत मामाच्या व्हरांड्यात गेले. “मामा, काल नाचताना घोटो मुरगळलो.”

मामाने तेल कोमट केलं. दोन बोटं घोट्याखाली ठेवली, डोळे मिटले. घोट्याला काहीही झालेलं नव्हतं, आणि मामाच्या बोटांना फसवील असा सांधा अजून जन्माला यायचाय. मग त्याने डोळे उघडले आणि, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

“होय गो,” तो म्हणाला. “बरोच मुरगळलो हा. सात दिस लागतले.”