गल्लीचं नाव घेऊ नका

गल्लीतला दिवा गेला की आमच्याकडे एकच माणूस घाबरतो. अंधाराला नाही, दिवा दुरुस्त करायला कोणी येईल म्हणून.

वेंकोबराव आमच्या समोरच्या घरात राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. दिवा गेला की संध्याकाळ व्हायच्या आत त्यांच्या सज्ज्याच्या गजाला त्यांनीच आणलेला बल्ब लटकलेला असतो, आणि अण्णा घरोघर निरोप देत फिरत असतात. "कंप्लेंट बेडा, नको. उजेड आहे. काही कमी असलं तर मला सांगा, तिकडे सांगू नका."

'तिकडे' म्हणजे पालिका. तिचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही.

"मागितलं की ते बघायला येतात, जोशी. बघायला आले की मोजतात. मोजलं की रंग लावतात. आणि रंग लावला की..." इथे ते हवेत हाताने एक उभी रेघ ओढतात. हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर एकदाही पुरं केलेलं नाही.

मी मूळचा साताऱ्याचा. इथल्या एका सरकारी कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी लागली, आणि बेंगळुरूच्या या जुन्या पेठेत घर घेतलं. बेरीज जुळली नाही तर मला जेवण जात नाही. त्यामुळे सुरुवातीला मी अण्णांशी वाद घालायचो. कर आपण वेळेवर भरतो, पावत्या फाइलला आहेत, मग सोयी का मागायच्या नाहीत?

"भरा की. कर भरा, पावती घ्या आणि गप्प घरी या. पावतीवर नाव आलं तेवढं पुरे."

गल्लीत खड्डा पडला की अण्णाच घमेलं घेऊन बसतात. सिमेंट आणि कोणाकोणाच्या घरून उरलेल्या फरशांचे तुकडे. त्यामुळे आमचा रस्ता मध्येच हिरवा, मध्येच गुलाबी आहे आणि कोपऱ्यावर कोणाच्या तरी न्हाणीघरातलं कमळ आहे. पाहुणे हसतात. अण्णा म्हणतात, "हसू देत. हसणारा मोजत नाही."

शहराचं बजेट जाहीर झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर्तमानपत्र घेऊन माझ्याकडे येतात. कन्नड माझ्यापेक्षा त्यांना कितीतरी चांगलं येतं, पण त्या दिवशी वाचायला मलाच लावतात.

"तुम्ही आकडेवाले. बघा. आपलं नाव नाही ना?"

"नाही, अण्णा."

"स्वल्प नीट बघा. 'इतर कामे' म्हणून लिहितात, त्यात काय असतं?"

"त्यात काहीही असू शकतं."

"तेच म्हणतो मी. काहीही म्हणजे आपणपण."

मग मी त्यांना 'इतर'ची रक्कम दाखवायचो. एवढ्यात एक गल्ली पाडणं परवडत नाही, असं समजावून सांगायचो. "सरी, ठीक," म्हणून ते उठायचे आणि तासाभरात म्हैसूरपाकाचा पुडा घेऊन यायचे. आपल्या भागाला काही मिळालं नाही म्हणून इतर ठिकाणी मोर्चे निघतात. आमच्याकडे मिठाई वाटली जायची.

एकदा बसने जाताना त्यांनी मला कोपराने ढोसलं. "उजवीकडे बघा. मी बघत नाही." रुंद झालेल्या रस्त्याच्या कडेला अर्धं घर उभं होतं. पुढचा भाग कापून नेलेला. स्वयंपाकघराची हिरवी भिंत थेट वाहतुकीकडे तोंड करून होती. तिच्यात देवाचा कोनाडा, धुराचा काळा डाग, कॅलेंडरचा खिळा. ते त्यांच्या मामाचं घर.

"भरपाई मिळाली का?" मी विचारलं.

"मिळाली की. भाड्याच्या घरी गेले. पण मामी रोज इथे यायची, रस्त्याच्या पलीकडे उभी राहून भिंत बघायची. मला विचारायची, वेंकोबा, मी आत आहे की बाहेर?"

त्यानंतर मी वाद घालणं सोडून दिलं.

अण्णांच्या दाराबाहेर दगडी ओटा आहे. इथे त्याला जगली म्हणतात. दुपारी त्यांच्या पत्नी, म्हणजे अक्का, जगलीवर बसलेल्या असतात. त्यांची नजर हळूहळू जात चालली आहे. जाड, भडक रंग तेवढे दिसतात. अण्णांचं त्यांच्याशी बोलणं खेकसण्याचंच. "पाय उचल गं! किती वेळा सांगायचं?" अक्का हसून पाय उचलतात. त्यांच्या दारापासून कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जिथे जिथे पायरी आहे तिथे अण्णांनी तिच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढला आहे. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाले, "वाळवीसाठी. पिवळ्याला वाळवी येत नाही." दगडाला वाळवी लागत नाही, हे मला ठाऊक होतं. मी मान डोलावली.

या वर्षीच्या बजेटात मात्र 'जुन्या बाजारपेठेचा पुनर्विकास, जोडरस्त्यांसह' असं कलम निघालं. अण्णांनी त्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"जोडरस्ता म्हणजे आपण का, जोशी?"

मी सांगितलं, की तरतूद वेगळी आणि खर्च वेगळा. अशी कलमं वर्षानुवर्षं पुढे ढकलली जातात. ते म्हणाले, "तुम्ही आकडा बघता. मी टेप घेतलेला माणूस बघतो." त्या दिवशी म्हैसूरपाक आला नाही.

पुढच्याच आठवड्यात केतकीच्या स्कूटरचं चाक गटारावरच्या फुटक्या फरशीत अडकलं. केतकी आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. पुण्याची आहे, नोकरीला रोज मारतहळ्ळीला जाते. अण्णांचे नियम तिला कोणी सांगितले नव्हते. तिने फोटो काढून पालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली, आणि माणसं खरंच आली.

"काका, काय फास्ट सर्व्हिस आहे!" ती मला उत्साहाने सांगत होती. "पुण्यात आम्ही वर्षभर फॉलोअप करतो!"

अण्णा शेजारीच उभे होते. "अम्मा," ते तिला हळूच म्हणाले, "फरशी मी बसवली असती गं."

फरशी छान बसली. मग त्यांच्यातल्या तरुण इंजिनियरने टेप काढली. स्वभावाने अगदी नम्र. अण्णांनी त्याला कॉफी पाजली, अक्कांनी चकल्या दिल्या. त्याने दोन्हींची स्तुती केली आणि अण्णांच्या भिंतीवर लाल बाण काढून शेजारी दीड मीटरचा आकडा लिहिला. मग तोच आकडा माझ्या भिंतीवर.

मी टेप आणून घरचं मोजलं. माझा व्हरांडा आणि न्हाणीघराची मोरी जाणार होती. समोर अण्णांची जगली, पायऱ्या आणि दाराची चौकट. इंजिनियरला विचारलं होतं, कधी? तो म्हणाला, "सांगता येत नाही, सर. वरून आलं की." आयुष्यभर मी आकड्यांना धरून राहिलो. हा आकडा पुढ्यात असूनही त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन बाहेर आले. भिंतीवरची कसलीही खूण पुसायची, ही त्यांची जुनी सवय. गॅसवाल्यांची खूणसुद्धा त्यांनी एकदा पुसली होती. मी दारात उभा होतो. कुंचला उचलला आणि ते तसेच थांबले. बाणाच्या टोकाला हळदकुंकू लावलेलं होतं. खाली जास्वंदीचं एक फूल.

अक्का जगलीवरच बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "जोशी, बघितलंत का? पिवळ्या पट्ट्या हल्ली मला दिसेनात. ह्यांना मी बोलले नव्हते, पण ह्यांना कळलं बघा. केवढा लाल बाण काढलाय, थेट आपल्या दाराकडे. काल संध्याकाळी देवळातून एकटी आले. चुकले नाही."

अण्णांनी बादली खाली ठेवली. मग खेकसले, "मग? चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलीस म्हणजे?"

आता गल्लीत पालिकेची जीप शिरली की आम्ही सगळेच दारात येतो. केतकी तर ऑफिसचा कॉल चालू असतानाही जिन्यात येऊन उभी राहते. जीप निघून गेली की कोणी कोणाकडे बघत नाही. बजेटातलं ते कलम अजून तिथेच आहे.

गेल्या महिन्यात पावसाने आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या खांद्यांनी बाणाचा रंग बराच उतरला. माझ्या भिंतीवरचा तर दिसेनासा झाला, आणि मला बरं वाटलं. परवा सकाळी बघतो तर अण्णा समोर पाटावर बसलेले. हातात लाल रंगाचा डबा. बाण गिरवत होते. डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

बाण पुरा झाला. आकडा मात्र त्यांनी गिरवला नाही.